पहिला डाव परक्या रणांगणावर

एम.ए.च्या वर्गातील आमचा एक विद्यार्थी काही दिवसांपूर्वी प्राध्यापक-कक्षात आला. मोकळ्या तासाला आम्ही दोघे पट मांडून बसतो, ही गोष्ट आता विद्यार्थ्यांपासून लपून राहिलेली नाही. "सर, मलाही असा एखादा ऐतिहासिक युद्धखेळ घ्यायचा आहे. पानिपतावरचा कुठला घेऊ?" असे त्याने विचारले आणि आम्ही काही बोलण्यापूर्वीच पुस्ती जोडली, "निदान पटावर तरी आपण जिंकू!"

या पुस्तीमुळेच आम्ही त्याला सांगितले की, पहिला खेळ म्हणून पानिपत घेऊ नकोस. तो हिरमुसला. त्याला घाईत जे नीट सांगता आले नाही, ते येथे सविस्तर मांडावे असे वाटते.

प्रथम या प्रकाराविषयी थोडेसे. बुद्धिबळातील युद्ध कोठलेच नसते. दोन्ही बाजूंचे बळ सारखे आणि भूमी सपाट. ऐतिहासिक युद्धखेळात मात्र विशिष्ट स्थळ, विशिष्ट काळ आणि विशिष्ट सेना असतात. १८२४ साली राइसवित्झ या प्रशियन लष्करी अधिकाऱ्याने आपल्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. प्रमाणबद्ध नकाशा, फासे आणि दोन्ही पक्षांना जेवढे दिसू शकेल तेवढेच सांगणारा पंच, अशी त्याची रचना होती. पुढे १९५४ साली अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांचा 'टॅक्टिक्स' आला आणि सामान्य ग्राहकाला युद्धखेळ पेटीत मिळू लागला. आज अशा खेळांची संख्या इतकी मोठी आहे की नवख्याने गांगरून जावे. अशा वेळी तो साहजिकच ओळखीच्या आणि अभिमानाच्या नावाकडे वळतो.

आम्हीही तेच केले होते. २००९ साली आलेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या संगणकीय खेळात मराठ्यांचा पक्ष घेता येतो, हे कळल्यावर आम्ही दुसऱ्या कोणत्याही पक्षाकडे पाहिलेही नाही. खेळ १७०० सालापासून सुरू होतो. राजाराम महाराजांच्या निधनाचे आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतल्याचे ते वर्ष. त्या काळाविषयी विचारण्याजोगे कितीतरी होते. आम्ही काय केले? एखादी लढाई हरलो की जतन केलेला डाव पुन्हा उघडला. अखेर हिंदुस्थानचा नकाशा एका रंगाचा झाला, आम्हाला आनंद झाला, आणि त्या शतकाविषयी आमच्या ज्ञानात काडीचीही भर पडली नाही. दोष त्या खेळाचा नव्हता. आम्ही तो खेळत नव्हतो. जुने दुःख फेडून घेत होतो.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, नवख्याने ज्या युद्धात आपला जीव गुंतलेला नाही असे युद्ध निवडावे. आमच्यासाठी ते काम २००६ साली प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड बोर्ग यांच्या 'कमांड्स अँड कलर्स : एन्शंट्स' या खेळाने केले. त्यात रोम आणि कार्थेज यांच्या लढाया आहेत. षटकोनी घरांचा पट, लाकडी ठोकळ्यांच्या पलटणी, आज्ञांची पाने आणि फासे. एक लढाई साधारण तासाभरात संपते, आणि लगेच बाजू बदलून दुसऱ्यांदा खेळता येते. नवख्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

परंतु खरी गंमत पानांत आहे. रणभूमीचे डावी बगल, मध्य आणि उजवी बगल असे तीन भाग असतात आणि अनेक पाने त्यांतील एकाच भागाला आज्ञा देऊ देतात. डावी बगल कोसळते आहे हे दिसते, पण हातातील सारी पाने उजवीकडची! सेनापतीला दिसते ते सारे त्याला करता येत नाही, हे विधान येथे भाषणातून येत नाही, नियमातून येते. हत्तींचेही तसेच. माघार घ्यावी लागली की ते बिथरतात आणि शेजारी आपले असोत वा शत्रूचे, सर्वांनाच तुडवतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटावे. कथेत निवेदनाची जागा ठरली की काय दिसणार आणि काय झाकले जाणार हे ठरते. खेळात ते काम नियम करतात. नियमपुस्तिका हीच येथील संहिता. अनेक प्रकाशक ती आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतात. पेटीवरचे चित्र पाहण्याआधी ती वाचावी.

दुसरे सांगणे तपशिलाच्या मोहाविषयी. अधिक नियम म्हणजे अधिक सत्य, असा नवख्याचा समज असतो. १९७९ साली निघालेल्या 'द कँपेन फॉर नॉर्थ आफ्रिका' या खेळाला सुमारे दीड हजार तास लागतात असे सांगितले जाते. इटालियन सैनिकांना पास्ता शिजवायला जादा पाणी पुरवण्याचाही नियम त्यात आहे! ऐतिहासिक कादंबरीत अंगरख्याच्या गोंड्यांचे वर्णन चार पाने चालते आणि माणूस मात्र कोठेच भेटत नाही, त्यातलाच हा प्रकार. नवख्याने थोडे नियम असलेला, पण त्या नियमांतून एखादी गोष्ट ठामपणे सांगणारा खेळ निवडावा.

तिसरे सांगणे : खेळात कोणाला जागा नाही, हेही पाहावे. २००५ सालचा 'ट्वायलाइट स्ट्रगल' हा शीतयुद्धावरील खेळ उत्तम आहे, एन्शंट्सनंतर जरूर खेळावा. त्यात खेळाडू दोनच, अमेरिका आणि सोव्हिएत संघ. भारत हे पटावरचे एक घर आहे. दोघांनी प्रभाव टाकण्याचे. अलिप्तता हा येथे कोणाला घेता येण्याजोगा पक्षच नाही. शीतयुद्धाचे तर्कशास्त्र, त्यातील खोट्या ठरलेल्या भागासह, आपण खरे मानून चाललो आहोत, असे त्याचे रचनाकार स्वतःच स्पष्टपणे सांगतात. हा प्रामाणिकपणा आम्हाला आवडतो. असा खेळ खेळताना आपण महासत्तेच्या डोळ्यांनी स्वतःच्या देशाकडे पाहतो, आणि त्या नजरेची आपल्याला किती लवकर सवय होते हे ध्यानात आले की थोडे दचकायला होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गोडी असल्याशिवाय कोणी नियम शिकत नाही, आणि गोडी तर आपल्याच इतिहासाची असते. मग विद्यार्थ्याला कॅनीच्या मैदानात कशाला न्यायचे? आक्षेपात तथ्य आहे. परंतु आपल्या अभिमानाच्या लढाईत आपण निकालाकडे पाहतो, परक्या लढाईत निर्णयांकडे. निकाल उलटवण्याची घाई नसली की निर्णय कसे झाले हे विचारायला उसंत मिळते. पुढे आपल्या इतिहासाकडे परतायचे ते ही सवय घेऊन.

त्या विद्यार्थ्याला आम्ही आमची पेटी दिली. त्याने इ.स.पू. २१६ मधील कॅनीची लढाई रोमच्या बाजूने लागोपाठ तीनदा खेळली आणि तिन्ही वेळा हरला. तेथे पडलेल्या रोमनांचा आकडा पॉलिबिअस सत्तर हजारांच्या घरात देतो, लिव्ही त्याहून बराच कमी देतो. पटावर ते सारे मूठभर ठोकळे असतात आणि हरल्यावर ते पेटीत भरून ठेवावे लागतात. चौथ्यांदा त्याने आपण होऊन हॅनिबलची बाजू घेतली. जिंकला, पण फारसे बोलला नाही.

गेल्या आठवड्यात तो पेटी परत करायला आला. म्हणाला, "सर, १७६०च्या नोव्हेंबरपासून भाऊंची छावणी पानिपताला अडकून पडली होती. रसद तुटलेली. पानिपतावरच्या खेळात धान्याचा नियम कसा करत असतील? आणि बरोबरचे यात्रेकरू, बायका-मुले, त्यांची सोंगटी असते का?"

जिंकण्याची गोष्ट त्याने काढलीच नाही. त्याने आता पानिपत घ्यायला आमची हरकत नाही.