फळाचा विचार आणि फळाचा हव्यास

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला गीताजयंती साजरी होते. ठिकठिकाणी सामूहिक पठण होते, मुलांच्या पाठांतर स्पर्धा होतात. पंधरावा अध्याय तर कित्येक घरांत भोजनापूर्वी म्हटला जातो. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु ज्या श्लोकाचा उच्चार सर्वाधिक होतो, त्याचाच अर्थ व्यवहारात विपरीत लावला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते. तो श्लोक म्हणजे दुसऱ्या अध्यायातील ४७ वा. कार्यक्रम फसला, हिशेब जुळला नाही, मुलाने अभ्यासात टंगळमंगळ केली, की ‘फळाची अपेक्षा धरू नये, असे गीतेतच सांगितले आहे’ हे वाक्य पुढे केले जाते. गीता म्हणजे जणू निष्काळजीपणाला मिळालेली सनदच!

वस्तुतः कर्म न करण्याची ओढही नको, अशी ताकीद त्याच श्लोकाच्या अखेरीस आहे. अठराव्या अध्यायातील २५ वा श्लोक तर याहून स्पष्ट आहे. परिणाम, हानी, दुसऱ्याला होणारी पीडा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म भगवंतांनी ‘तामस’ ठरविले आहे. याचा अर्थ, परिणामांचा विचार करणे हे कर्त्याचे कर्तव्यच आहे. गीतेने निषेध केला आहे तो फळावर सांगितलेल्या हक्काचा, त्याच्या हव्यासाचा. शेतकरी पेरणीपूर्वी जमिनीचा कस पाहतो, बियाणे पारखतो, पावसाचे मान लक्षात घेतो. पण म्हणून पाऊस त्याच्या आज्ञेत राहत नाही. विचार त्याचा, पाऊस त्याचा नव्हे.

फळावर हक्क का नाही, याचे कारणही गीतेने सांगितले आहे. त्याच अध्यायात कार्यसिद्धीची पाच कारणे दिली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव. पाचांपैकी कर्ता हे केवळ एक. जो स्वतःलाच सर्वस्वी कर्ता मानतो, त्याची दृष्टी सदोष होय, असा निर्वाळा पुढे लगेच दिला आहे. यशाने येणारा उन्माद आणि अपयशाने येणारे नैराश्य या दोन्ही व्याधींवर हे एकच औषध आहे. मात्र प्रयत्नही या पाचांतच आहेत, हे विसरून सारा भार दैवावर टाकणारा गीतेपासून तितकाच दूर असतो.

या शिकवणुकीची खरी कसोटी लागते ती बारावीच्या निकालाच्या दिवशी. वर्षभर उत्तम अभ्यास केलेल्या मुलीचे गुण अपेक्षेपेक्षा कमी येतात आणि घरात सुतकी शांतता पसरते. शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना होते, शिकवणीच्या शुल्काचा उल्लेख होतो. अशा एखाद्या शब्दाने कोवळे मन कायमचे मोडू शकते, प्रसंगी जीवही गमवावा लागतो. ज्या घरात पंधरावा अध्याय मुखोद्गत आहे, तेथे त्या दिवशी सतराव्याचेही स्मरण व्हावयास हवे. उद्वेग न आणणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे हे वाणीचे तप आहे, असे तेथे म्हटले आहे. प्रयत्न कमी पडले असतील, तर तेही सांगावे. पण हितासाठी, जखम करण्यासाठी नव्हे.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिले, तेही पेन्सिलीने. पुढे १९१२ मध्ये, ते तुरुंगात असतानाच, त्यांच्या पत्नीचे निधन झाले. जून १९१४ मध्ये सुटका झाली, तरी लेखनाच्या वह्या सरकारकडून लगेच हाती आल्या नाहीत. ग्रंथ प्रकाशित झाला तो १९१५ मध्ये. लिहिताना त्यांच्या हाती होते ते केवळ लेखन, प्रकाशन नव्हते. तरीही त्या लेखनात कोठे ढिलाई दिसत नाही. कर्मयोगाचे विवरण करणाऱ्या ग्रंथाचा जन्मच कर्मयोगातून झाला.

समाजकार्यात असणाऱ्यांसाठी अठराव्या अध्यायातील २६ वा श्लोक आरशासारखा आहे. आसक्ती नाही, ‘मी केले’ ही भाषा नाही, धैर्य आणि उत्साह आहे, यशापयशाने चित्त ढळत नाही, तो सात्त्विक कर्ता. यातील ‘उत्साह’ हा शब्द विशेष महत्त्वाचा. ज्याला परिणामाची फिकीरच नाही, त्याला उत्साह कोठून येणार? बैठकीला दहा माणसे अपेक्षित असताना तिघेच आले, तर निरोप सर्वांपर्यंत पोहोचला होता काय, वेळ सोयीची होती काय, हे कार्यकर्त्याने तपासलेच पाहिजे. पण आलेल्या तिघांसमोर चेहरा पाडून बसणे आणि न आलेल्या सातांविषयी मनात अढी धरणे, हा झाला हव्यास.

काम हाती घेण्यापूर्वी परिणामाचा पूर्ण विचार, काम करताना पूर्ण मन आणि फळ येईल तेव्हा त्याचा शांत स्वीकार, एवढे जरी रोजच्या व्यवहारात उतरले, तरी गीतापठण सार्थकी लागले असे म्हणता येईल. पाठांतराची स्पर्धा वर्षातून एकदा होते. ही परीक्षा मात्र रोजचीच आहे.