शेताला ‘चूक’ म्हणणारे

नकाशावर माझे भातशेत आहे. सरकारी भाषेत उद्या तीच ‘चूक’ ठरेल!

गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ साली रद्द करायला लावला. आता आराखडा शाबूत आणि शेत गायब, अशी युक्ती आहे. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले: आराखड्यातली ‘अनवधानाची चूक’ दुरुस्त करायची. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचे नियम रद्द केले. पण २०२४ सालीच ३९-अ जन्मले होते. अर्ज करा, झोन बदला. हरकतींना दिवस ३०!

खाजन शेती एकट्याची नसते. बांध खारे पाणी अडवतो. मानशीची दारे भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. एकाने भराव घातला की पाणी शेजाऱ्याच्या शेतात तुंबते. ते पडीक पडते, आणि मग तेही ‘चूक’ ठरते.

विकणारे परके नाहीत, आपणच आहोत. शेती परवडत नाही, हे मलाही मान्य. मग शेतीला भाव द्या, भराव कशाला? बदल हवाच तर अख्ख्या गावाचा नकाशा ग्रामसभेपुढे मांडा. एकेक सर्व्हे नंबर करून गाव विकू नका.