खिशातला कागद

परवा नांदेडला एका जुन्या स्नेह्यांकडे गेलो होतो. बोलता बोलता त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवला. कोणत्याही परिस्थितीत मला रक्त चढवू नये, असे त्यावर लिहिलेले. खाली त्यांची आणि दोन साक्षीदारांची सही. हे गृहस्थ 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे. बायबलात रक्त वर्ज्य सांगितले आहे, ही त्यांची श्रद्धा.

"लातूरच्या धाकट्याला हे ठाऊक आहे का?" मी विचारले. ते गप्प झाले. भाऊ त्या पंथातला नाही, आणि उद्या काही बरेवाईट घडले तर दवाखान्यातून फोन त्यालाच जाणार.

मी स्वतः नेमाने रक्तदान करतो. स्नेह्यांची श्रद्धा मला पटत नाही. तरीही देह त्यांचा, तेव्हा निर्णयही त्यांचाच, असे मी मानतो. कॅनडात अपघातात शुद्ध हरपलेल्या एका बाईच्या पर्समध्ये असेच कार्ड होते. डॉक्टरांनी तरीही रक्त दिले. १९९० साली तिथल्या अपील न्यायालयाने कौल दिला तो बाईच्याच बाजूने.

आपल्याकडे 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली रक्तपेढ्यांना शिस्त लावली. याच संस्थेच्या दुसऱ्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. २०२३ पासून त्यावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांची सही पुरते. मात्र ही कार्यपद्धती बरे होण्याची आशा उरली नाही अशा रुग्णांसाठी आहे. रक्त दिले तर वाचेल, अशा माणसाचा प्रश्न तिच्यात नीट बसत नाही.

शिवाय आपल्या दवाखान्यांत नातेवाइकाच्या शब्दाला मोठे वजन. मध्यरात्री रडणारा भाऊ 'काहीही करा, पण दादाला वाचवा' म्हणाला, तर डॉक्टरांनी कोणाचे ऐकावे?

म्हणून कागद जरूर करावा. पण धडधाकट असतानाच तो घरच्यांना वाचूनही दाखवावा. डॉक्टरांना आधी भेटावे. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी लोह देऊन हिमोग्लोबिन वाढवता येते; वाहिलेले स्वतःचेच रक्त शुद्ध करून परत देणारे यंत्रही असते. यातले काय चालेल, काय नाही, ते स्पष्ट लिहावे. लहान मुलांच्या बाबतीत मात्र आईवडिलांच्या श्रद्धेपेक्षा मुलाचा जीव मोठा, असे माझे मत आहे.

निघताना स्नेही म्हणाले, "येत्या रविवारी लातूरला जाऊन येतो."

भाऊ चिडेल, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण ते भांडण घरात, दोघेही शुद्धीवर असताना झालेले बरे.