चासी नंबर बोलतो, पण अर्धेच

जुना ट्रक घेणारा बहुतेक वेळा मोठा ट्रान्सपोर्टर नसतो. मोठे लोक नवी गाडी घेतात, पाच-सात वर्षे पळवतात आणि काढून टाकतात. ती घेतो तो कालपर्यंत दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर असलेला माणूस, घरातले सोने आणि फायनान्स कंपनीचे कर्ज एकत्र करून. कळंबोलीत किंवा नागपूरच्या ट्रान्सपोर्टनगरात तो गाडी बघतो तेव्हा विकणाऱ्याला तिच्याबद्दल बरेच ठाऊक असते, एजंटला थोडेफार, आणि घेणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही. ही दरी बुजवू शकेल अशी एक गोष्ट प्रत्येक ट्रकच्या फ्रेमवर कोरलेली असते: १७ खुणांचा चासी नंबर. पहिल्या तीन खुणा कंपनीच्या, पुढे मॉडेल, घडणीचे वर्ष, कारखाना आणि शेवटी त्या गाडीचा स्वतःचा क्रमांक. एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही इंग्रजी अक्षरे त्यात वापरतच नाहीत. इतकी काळजी घेऊन दिलेली ओळख आपण वापरतो मात्र फारच कंजूषपणे.

गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे हाताशी असले की 'वाहन' पोर्टल किंवा एमपरिवहन ॲपवरून नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा, कर आणि पीयूसीची मुदत, बोजा कोणाचा, परमिट चालू आहे का, हे कळते. गाडी चोरीची तर नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या यादीत चासी आणि इंजिन नंबर टाकून पाहता येते. हे न बघता टोकन देणारा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. पण या माहितीचा रोख पाहा. कर भरला का, विमा आहे का, पैसे कोणाचे अडकलेत, म्हणजे सरकारला आणि बँकेला जे हवे ते सारे त्यात आहे. गाडी कधी उलटली होती का, विमा कंपनीने ती निकालात काढली होती का, इंजिनात पुराचे पाणी गेले होते का, यातले काहीच नाही. जमीन घेताना शहाणा माणूस नुसत्या सातबाऱ्यावर थांबत नाही, जुने फेरफार काढतो. ट्रकचा सातबारा मिळतो, फेरफार मिळत नाही. फिटनेसचा दाखला ती जागा भरून काढेल असे पुष्कळांना वाटते. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी मिळणारा हा दाखला तपासणीच्या दिवशी ब्रेक, दिवे, स्टिअरिंग ठीक होते एवढेच सांगतो.

आंध्र प्रदेशातले अनंतपूरचे प्रकरण या संदर्भात मुद्दाम आठवावे. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या वाहनांची विक्री आणि नोंदणी सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. अशोक लेलँडची अशी काही उरलेली वाहने भंगार म्हणून विकली गेली. ही दीडशेहून अधिक वाहने बनावट बिलांच्या आधारे बीएस-४ म्हणून, बहुतांश नागालँडमध्ये, नोंदवली गेल्याचे २०२० मध्ये उघडकीस आले, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. पुढे एनओसी घेऊन गाड्या आंध्रात आल्या, काही तिसऱ्याच लोकांना विकल्या गेल्या. चासी नंबरांवरून कंपनीकडे विचारणा झाली तेव्हा ती वाहने भंगारात गेल्याची नोंद तिथे होती. म्हणजे खरे उत्तर एका दप्तरात होतेच. फक्त ज्याने पैसे मोजले त्याला ते विचारण्याची सोय नव्हती.

विम्याच्या बाबतीत हेच रोज घडते. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते आणि सांगाडा विकला जातो. गाडी पुरती नष्ट झाली असेल तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते. पण ठोकूनठाकून उभी करता येण्यासारखी गाडी 'नष्ट' कशी म्हणायची? आरसी जिवंत राहते, रंग मारला जातो आणि ट्रक पुन्हा बाजारात येतो. त्याहून काळी वाट म्हणजे अशा सांगाड्याची आरसी आणि नंबर चोरीच्या गाडीला चढवणे. पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या आहेत. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा पाण्याखाली गेलेली वाहने पुढे कुठे गेली, हे घेणाऱ्याला विचारायला आज जागा नाही. माहिती गोळा होत नाही असे मात्र नाही. विमा कंपन्यांकडून वाहन विम्याचे आणि दाव्यांचे तपशील एकत्र करणारा इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्यूरो २००९ पासून हैदराबादेत आहे. तो साठा आणि 'वाहन' चासी नंबरावर जोडून दाव्याची तारीख, स्वरूप आणि टोटल लॉसचा शेरा नाममात्र शुल्कात कोणालाही दाखवावा, एवढीच मागणी आहे. अमेरिकेने १९९२ च्या कायद्याने अशी राष्ट्रीय यंत्रणा ठरवली. ती ग्राहकांसाठी खुली व्हायला २००९ उजाडले, हे खरे. पण तिथे विमा कंपन्यांना आणि भंगारवाल्यांना निकालात काढलेल्या वाहनांची माहिती दरमहा द्यावीच लागते.

यावर पहिला आक्षेप खासगीपणाचा येतो. तो इथे लागू नाही, कारण मालकाचे नाव उघड करायचेच नाही. इतिहास लोखंडाचा आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे. एका अपघाताच्या शेऱ्याने छोट्या मालकाच्या गाडीची किंमत पडेल. पडेल, नक्की पडेल. पण आज फसवणुकीच्या भीतीने ग्राहक प्रत्येकच गाडीचा भाव पाडून मागतो आणि धड गाडी विकणारा त्यात विनाकारण भरडला जातो. शिवाय आजचा विकणारा हा बहुधा कालचा घेणाराच असतो. तिसरे म्हणणे असे की जाणता मिस्त्री फ्रेमवरचे वेल्डिंग आणि टायरची झीज पाहूनच सगळे सांगतो. त्याचा डोळा हवाच. ओव्हरलोड ओढलेली गाडी किंवा खिशातून केलेली दुरुस्ती कोणत्याच दप्तरात सापडणार नाही, आणि नंबर पुन्हा ठोकला आहे का हेही तोच ओळखेल. पण मिस्त्रीला लोखंड दिसते, कागद दिसत नाहीत, आणि अनंतपुरात खोट होती ती कागदांत.

जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना नोंदणी सक्तीची करणारे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण त्यांचा भर गाडी कोणाच्या ताब्यात आहे यावर आहे. मालकी बदलाच्या अर्जावर चासी नंबरची पेन्सिलने छाप घेतली जाते, तीही आकड्याला आकडा जुळतो का हे पाहण्यापुरती. त्याच टेबलावर दाव्यांचा उतारा जोडणे अवघड नाही. तोवर घेणाऱ्याने विकणाऱ्याकडून मागच्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागाव्यात आणि त्यातला नो क्लेम बोनस पाहावा. दावा न करता वर्षे गेली तर तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. मध्येच तो शून्यावर आला असेल तर बहुधा दावा झाला आहे किंवा विमा खंडित झाला आहे. दोन्हींचा खुलासा मागावा. गाडी नुसत्या थर्ड पार्टी विम्यावर चालवली असेल तर मात्र हा मार्गही बंद होतो.