चित्रपटाचा पन्हा

जुन्या कलाकृतीचा जीर्णोद्धार करणें ही एक गोष्ट, आणि जीर्णोद्धार झालेली कलाकृति घरीं नीट पाहणें ही दुसरी. पहिलीसाठीं पैसा, यंत्रें आणि तज्ज्ञ लागतात. दुसरीसाठीं थोडा विवेक पुरतो. परंतु काळाची गंमत अशी कीं, पैसा, यंत्रें आणि तज्ज्ञ हीं आज मिळूं लागलीं असतां विवेकाचाच दुष्काळ पडला आहे. आणि तो सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत विशेष जाणवतो. जुना चित्रपट त्याच्या मूळ प्रमाणांत न पाहतां ताणून किंवा कापून पाहण्याची जी चाल आज घरोघर पडली आहे, ती केवळ अभिरुचीचा प्रश्न नसून शुद्ध विद्रूपीकरण आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा जीर्णोद्धार किती कष्टाचा असतो याची कल्पना पुष्कळांस नसते. जुने चित्रपट नायट्रेटच्या फितीवर असत. ही फीत इतकी ज्वालाग्राही कीं, एकदां पेटली म्हणजे पाण्याखालींही जळत राहते. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. तरीही २००३ च्या जानेवारींत तेथील नायट्रेटच्या सांठ्यास आग लागून अनेक फितींची राख झाली. सत्यजित राय यांच्या अपूविषयक तीन चित्रपटांच्या मूळ फिती १९९३ सालीं लंडनच्या एका प्रयोगशाळेंत आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या; त्या होरपळलेल्या अवशेषांतून व इतर प्रतींतून ते चित्रपट २०१५ सालीं पुन्हां उभे करण्यांत आले. गुजराथच्या पांच लाख शेतकऱ्यांनीं दोन दोन रुपये देऊन १९७६ सालीं जो ‘मंथन’ निर्माण केला, त्याची नूतनीकृत प्रत २०२४ मध्यें कान येथें दाखविली गेली. एकेक चौकट धुवावयाची, एकेक ओरखडा पुसावयाचा, आणि असें महिनोन् महिने खपून जें चित्र सिद्ध झालें, तें आपण घरीं एका कळीसरशीं विद्रूप करावयाचें! याला काय म्हणावें?

हें विद्रूपीकरण होतें कसें, तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मूकपटाची चौकट रुंदीस १.३३ तर उंचीस १, अशी होती. बोलपट आल्यावर ध्वनीची पट्टी त्याच ३५ मिलिमीटर फितीच्या कडेस बसवावी लागली, आणि चौकट अरुंद होऊन जवळजवळ चौरस झाली. तेव्हां १९३२ सालीं हॉलिवुडच्या अकादमीनें तिची उंचीही किंचित् कमी करून १.३७ ला १ हें प्रमाण ठरवून दिलें. १९५३ सालीं सिनेमास्कोप अवतरेपर्यंत बोलपटांची चौकट सामान्यतः अशीच असे; आमच्या ‘प्रभात’चे बोलपट याच काळांतले. आजचा घरगुती संच मात्र १६:९, म्हणजे १.७८ ला १ या प्रमाणाचा. यावर तीनच मार्ग संभवतात. दोन्ही बाजूंस काळी जागा सोडून चित्र जसेंच्या तसें दाखवावें, हा पहिला. चित्र आडवें ताणून पडदा भरावा, हा दुसरा. यांत प्रत्येक मनुष्य शेंकडा तीस जाड होतो. चित्र मोठें करून वरचा व खालचा भाग कापावा, हा तिसरा. यांत चित्राचा जवळजवळ पाव हिस्सा नाहींसा होतो. पहिला मार्ग सत्याचा आहे, उरलेले दोन्ही असत्याचे आहेत.

येथील चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत अधिकारावर असलेल्या एका अभियंत्यांच्या घरीं आषाढी एकादशीस ‘संत तुकाराम’ पाहण्याचा योग आला. पंढरपूर ज्या जिल्ह्यांत आहे, त्या जिल्ह्यांत या दिवशीं याहून उचित चित्रपट कोणता? परंतु पडद्यावर जे तुकोबा दिसले, ते संसाराच्या तापानें पोळलेले, विठ्ठलनामांत रंगलेले तुकोबा नव्हते. मिष्टान्नावर पोसलेले कोणी महंत होते! घरांतलीं मुलें त्यांच्याकडे पाहून खुदखुदत होतीं. आम्हीं विनंति केल्यावर यजमानांनीं चित्र क्षणभर मूळ प्रमाणांत आणलें आणि लगेच म्हणाले, “सर, पंचावन्न इंची संच घेतला, त्यांतली अकरा इंच रुंदी काळी ठेवायची?” गणित अचूक होतें, अभियंत्याचें गणित चुकावें कसें? चुकला होता तो विचार.

सोलापूरकरांस तरी ही गोष्ट समजावून सांगावी लागूं नये. मागावर चादर विणावयास घेतली म्हणजे तिचा पन्हा आधीं ठरतो, आणि किनार कोठें यावी, मधलें फूल केवढें असावें, हें सारें त्या पन्ह्याच्या हिशेबानें बसविलें जातें. घरचा पलंग रुंद निघाला म्हणून चादर चहूंकडून ओढून ताणणाऱ्यास किंवा तिची किनार कातरणाऱ्यास येथील कोणीही विणकर शहाणा म्हणणार नाहीं. चित्रपटासही पन्हा असतो. दिग्दर्शक आणि छायालेखक त्या पन्ह्यांतच विचार करतात.

‘संत तुकाराम’चेंच उदाहरण घ्या. १९३६ सालचा हा चित्रपट पुढल्याच वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. त्याचे दिग्दर्शक दामले व फत्तेलाल हे कोल्हापुरांत बाबूराव पेंटरांच्या हाताखालीं तयार झालेले. म्हणजे चित्रकलेच्याच शाळेंतून आलेले. या चित्रपटाचा सारा अर्थ वरून खालीं आणि खालून वर जाणारा आहे. शेवटीं गरुडविमान तुकोबांना घेऊन आकाशांत चढतें आणि जिजाई खालीं भूमीवरच राहते. वर वैकुंठ, खालीं संसार, आणि मध्यें न तुटणारें तें अंतर! आतां या चित्राचा माथा व पाया कापा, राहिलें काय? उंचीच गेली, तर ऊर्ध्वगमन कशाचें दिसणार?

यावर कांहीं आक्षेप घेण्यांत येतात. कोणी म्हणेल, पूर्वी तंबूंतील खेळांत तरी चित्र कोठें धड दिसत होतें? पडदा सुरकुतलेला, फीत तुटकी! खरें आहे. परंतु तो दारिद्र्याचा दोष होता. हा समृद्धीचा आहे. ज्याला साधनच नव्हतें त्याला क्षमा आहे. साधन हातांत असून जो कळ दाबण्याचे श्रम घेत नाहीं, त्याला ती कशी मिळावी?

दुसरे म्हणतात, काळ्या पट्ट्या डोळ्यांस खुपतात. त्यांस आमचा एवढाच प्रश्न आहे कीं, गाथेंतील कोरी जागा आपणांस खुपते काय? मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. म्हणून चौथ्या चरणापुढें पानावर जागा मोकळी राहते. ती भरण्यासाठीं एखाद्या मुद्रकानें पदरचीं दोन अक्षरें घातलीं, तर आपण त्याला धारेवर धराल. काळी पट्टी ही त्या कोऱ्या जागेसारखीच आहे. चित्र कोठें संपलें, हें ती प्रामाणिकपणें सांगते.

तिसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, काळ बदलला, पडदा बदलला, चित्रानेंही बदलावें. पण हा न्याय किती लहरी आहे पाहा! संच चौरस होते त्या काळीं रुंद चित्रपटांच्या बाजू छाटल्या जात. ‘कागज़ के फूल’ हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट, १९५९ सालचा. तसल्या चित्रानें चौरस पडदा भरावयाचा म्हटला कीं, त्याचा दोन-पंचमांशाहून अधिक भाग गळे. आतां संच रुंद झाले, तर उंच चित्रांचीं डोकीं उडूं लागलीं! ग्रीक पुराणांतला प्रोक्रुस्टीज पाहुण्याला पलंगावर निजवी, आणि तो आंखूड भरल्यास ताणी, लांब भरल्यास त्याचे पाय तोडी. आमच्या दिवाणखान्यांत त्यानें नवा अवतार घेतला आहे, इतकेंच.

गृहस्थांपेक्षांही मोठा अपराध आहे तो प्रसारकांचा. घरचा संच निदान नीट लावतां येतो. परंतु ज्यांनीं चित्र कापूनच पाठविलें, त्यांच्यापुढें प्रेक्षक हतबल असतो. वर “उत्कृष्ट नूतनीकृत प्रत” अशी जाहिरात करावयाची, आणि आंत पाऊण चित्र द्यावयाचें! पाऊण शेर माप घालून शेराचे पैसे घेणाऱ्या वाण्याला जो न्याय, तोच यांना लागू केला पाहिजे. अशा प्रतीविरुद्ध प्रेक्षकांनीं लेखी तक्रार करावी, आणि मूळ प्रमाण राखणाऱ्यांस शाबासकी द्यावी. तक्रार नाहीं म्हणजे पसंती आहे, असा अर्थ व्यापारी नेहमींच काढतो.

घरीं करावयाचें काम तर अगदींच अल्प आहे. संचाच्या चित्रविषयक योजनेंत “मूळ प्रमाण” किंवा “४:३” असा पर्याय बहुधा असतोच. तो एकदां निवडावा. दिवे मंद करावे. पांच मिनिटांत त्या काळ्या पट्ट्या अंधारांत विरून जातात आणि चित्र तेवढें उरतें. आपल्या मुलांना आपण १९३७ चा ‘कुंकू’ आणि १९५३ चा ‘श्यामची आई’ आवर्जून दाखवितों, तें जुन्या पिढीनें काय निर्माण केलें हें त्यांना कळावें म्हणून. तीं ताणलेलीं, बेढब माणसें पाहून मुलें हंसलीं, तर दोष मुलांचा नाहीं आणि त्या जुन्या कलावंतांचाही नाहीं. त्यांनीं आपलें काम चोख केलें होतें. तें चोख दाखविणें एवढेंच आपल्याकडे आहे.