ठिपक्यावर विश्वास, गाईवर नाही!

गाईच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याची तक्रार केली की मिळणारी उत्तरं ठरलेली असतात. ॲप बंद करून परत चालू करा. पट्टा काढून पुन्हा बसवा. सोलर पॅनेलवरचा चिखल पुसा. गाय झाडाखाली गेली असेल. म्हणजे काय, तर चूक पट्टा लावणाऱ्याची, नाहीतर गाईची. प्रोग्राम लिहिणाऱ्याची कधीच नाही!

मीही प्रोग्रामच लिहितो, म्हणून हे घरचं भांडण समजा. माझं म्हणणं सरळ आहे. या पट्ट्यांचे निम्मे घोळ शेतकऱ्याला उभ्या जागी समजतील, पण आपण ते त्याच्यापासून लपवून ठेवतो. वर त्याला "वापरायला सोपं" असं नाव देतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे ओढाळ जनावराच्या गळ्यात लोढणं बांधायचे, पळायला लागलं की ओंडका पायात यायचा. नॉर्वेचं नोफेन्स, न्यूझीलंडचं हॉल्टर, ऑस्ट्रेलियातलं ईशेफर्ड ही त्याचीच इलेक्ट्रॉनिक भावंडं. मोबाइलवर कुरणाची हद्द आखायची. गाय हद्दीजवळ आली की पट्टा आवाज करतो. ती तरी पुढे गेली तर विजेचा सौम्य झटका. काही दिवसांत गाई आवाजावरच वळायला शिकतात. तारेचं कुंपण नको, खांब नकोत, रोज नवं कुरण देता येतं. कल्पना झकास आहे, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो पडद्यावरच्या ठिपक्याबद्दल. ठिपका चुकतो तेव्हा मागे निदान तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि तिन्ही दिसतात अगदी सारखी.

पहिलं, आकाश. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर. त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत अगदी क्षीण होतो. दाट झाडी, डोंगराची कड, गोठ्याचा पत्रा यांनी तो अडतो किंवा आपटून वळसा घेऊन येतो. वेळेत एका मायक्रोसेकंदाची गफलत म्हणजे अंतरात ३०० मीटर! त्यात बॅटरी वाचवायला पट्टा अधूनमधून झोपतो. उपग्रहाच्या कक्षेची ताजी माहिती साधारण ४ तासच चालते. ती शिळी झाली की उठल्यावर पुन्हा जवळजवळ अर्धा मिनिट विनाखंड ऐकावं लागतं. गाय तेव्हा मान हलवत झाडाखाली चरत असेल तर झालंच. पट्टा सैल असला तर फिरतो आणि अँटेना आकाशाऐवजी जमिनीकडे बघत बसते.

दुसरं, बॅटरी. ढगाळ हवा, हिवाळ्यातला छोटा दिवस, पॅनेलवर चिखल. व्होल्टेज उतरलं की पट्टा जागा कमी वेळा मोजायला लागतो. ठिपका उड्या मारतो, आणि आपल्याला वाटतं गाय पळाली.

तिसरं, रेंज. पट्ट्याने जागा अचूक मोजली, पण ती पाठवायला नेटवर्कच नाही. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये टेलस्ट्रा आणि ऑप्टस यांनी ३जी बंद केलं. ज्या यंत्रांना फक्त ३जी येत होतं ती सगळी मुकी झाली. अशा पट्ट्याचं पॅनेल कितीही पुसा, काय उपयोग?

आता गंमत बघा. यातलं बरंचसं यंत्राला माहीत असतं. जीपीएस चिपमधून बाहेर पडणाऱ्या नेहमीच्या ओळीतच मोजमापाची वेळ असते, किती उपग्रह धरले ते असतं, त्यांची मांडणी किती भरवशाची तेही असतं. व्होल्टेज मोजलेलं असतं. हे सगळं सर्व्हरपर्यंत जाऊ शकतं. आणि मग आपला कोणी डिझायनर म्हणतो, पडद्यावर गर्दी नको. उरतो तो एक गोंडस हिरवा ठिपका. तीन तासांपूर्वीचा असो की आत्ताचा, तितकाच हिरवा.

ठिपक्याचा खोटेपणा पुढेही पसरतो. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साधा रिसीव्हर ५ मीटर इकडेतिकडे करतो. दर ५ मिनिटांनी मोजलं तर दिवसात २८८ मोजमापं. प्रत्येक वेळी ठिपका ५ मीटर सरकला, तर दावणीला बांधलेली गाय दिवसात १४४० मीटर "चालते". मग त्यावरून कुणीतरी तिच्या तब्येतीचा आलेख काढतो!

"अहो, पण शेतकऱ्याला हे सगळं कळणार आहे का?" हा प्रश्न मीटिंगमध्ये हमखास येतो. मला त्याचा राग येतो. विजेचं कुंपण वापरणारा शेतकरी टेस्टर घेऊन तारेत किती किलोव्होल्ट आहेत ते मोजतो, कुठल्या गवतामुळे वीज जमिनीत उतरतेय ते शोधून काढतो. त्याला उपग्रहांची संख्या आणि "शेवटचं मोजमाप ३ तासांपूर्वी" एवढं वाचता येणार नाही? कळत नाही असं नाही, आपण सांगत नाही.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा हक्क शेतकऱ्याला दिला. लढाई मुख्यतः ट्रॅक्टरची होती, पण मुद्दा हाच. माझ्या यंत्राला काय झालंय हे मला कळलं पाहिजे.

आणि इथे तर मधे एक मुका जीव आहे. फोनमधला नकाशा चुकला तर आपण एक वळण चुकतो. इथे ठिपका २० मीटर सरकला तर आपल्याच कुरणात चरणाऱ्या गाईला झटका बसू शकतो. ती आवाज ऐकून वळली, तरी पट्ट्याच्या मते बाहेरच. यातून तिने शिकायचं तरी काय? ती तक्रारही नोंदवू शकत नाही.

म्हणून मागण्या दोनच. एक, प्रत्येक ठिपक्याशेजारी मोजमापाची वेळ, अंदाजे चूक, उपग्रहांची संख्या, व्होल्टेज आणि शेवटची रेंज दाखवा. शिळा ठिपका राखाडी करा. दोन, जागेची खात्री नसेल तर झटका बंद. गाय थोडी बाहेर गेली तर गेली, शोधून आणता येते.

दुसऱ्या मागणीला नीट चाचण्या लागतील, मान्य. पहिली मात्र एका वीकांताचं काम आहे.