गच्चीवरचं विमान आणि मशीनचा डेमो



रविवारच्या व्हिडिओत कॅप्टन अमोल यादव यांच्याविषयी जेमतेम तीन मिनिटं बोललो आणि वेळ संपली. त्यानंतर आठवडाभर जे फोन आले, त्यातल्या बहुतेकांचा सूर एकच होता. "सर, बघा, आपला माणूस काहीतरी करतो आणि ही सिस्टीम त्याला पुढं जाऊ देत नाही." मला यातलं अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं का पटत नाही, ते आज लिहितो. कारण हे वाक्य बोलणाऱ्यांपैकी निम्म्या जणांच्या डोक्यात स्वतःचं एखादं मशीन आहे आणि खिशात कर्जाचा अर्ज आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमोल यादव मूळचे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्याचे, पेशानं वैमानिक. मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. हे त्यांचं तिसरं विमान, म्हणून नाव टीएसी-००३. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला तेव्हा ते गच्चीवरून क्रेननं खाली उतरवलं आणि लोकांना दाखवलं. सगळ्या वाहिन्यांवर बातमी झाली. आपण सगळ्यांनी ती पाहिली आणि तिथंच टाळ्या वाजवून मोकळे झालो.

आता तारखा बघा. नोंदणीसाठी पहिला अर्ज २०११ साली. मधल्या काळात नियम बदलले. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये. धुळ्याच्या धावपट्टीवर उड्डाणाची चाचणी २०२० साली. म्हणजे अर्जापासून चाचणीपर्यंत नऊ वर्षं. या नऊ वर्षांत माणूस वेडा झाला नाही, हेच मला विमानाइतकं मोठं वाटतं.

यात अन्याय होता का? काही ठिकाणी नक्की होता. खेळ चालू असताना नियम बदलणं हा अन्यायच. पण "विमान तयार आहे ना, मग कागद कशाला?" असं जे आपण म्हणतो, तिथं माझा विरोध आहे. विमानाच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात पंख, इंजिन, धातूचा सांगाडा हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण या सगळ्याला टिकवणारा शोध वेगळाच आहे. तो म्हणजे 'सिद्ध करून दाखव' हा प्रश्न.

राइट बंधूंचं घ्या. सायकलचं दुकान चालवणारे दोन भाऊ, कॉलेजची डिग्री नाही, ही गोष्ट प्रत्येक प्रेरणादायी भाषणात असते. मीही पूर्वी सांगायचो. पण भाषणात जे सांगत नाहीत, ते मला जास्त कामाचं वाटतं. १९०१ साली त्यांचं ग्लायडर हिशोबाप्रमाणे उचलायला हवं होतं तेवढं वजन उचलेना. त्या काळी सगळे जण आधीच्या लोकांनी काढलेली कोष्टकं वापरत होते. हवेच्या दाबाचा एक आकडा तर शतकाहून जास्त काळ तसाच वापरात होता. भावांनी काय केलं? मोठं ग्लायडर बांधलं नाही, पैसेवाला गाठला नाही. दुकानात सहा फुटांची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा बसवला आणि आत पंखांचे छोटे छोटे नमुने ठेवून मोजत बसले. मोजायचे काटे कशाचे? हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे आणि सायकलच्या स्पोकची तार. दोन-एक महिन्यांत दोनशेच्या आसपास नमुने तपासले आणि स्वतःचं कोष्टक तयार केलं. तो जुना आकडा चुकीचा आहे हे त्यांना कळलं होतं.

मिरजेच्या, कुपवाडच्या एमआयडीसीत ज्याचं एक लेथ आणि एक ड्रिल आहे, त्याला ही पेटी करायला आजही अडचण नाही. अडचण येते ती दोनशे वेळा मोजून वहीत लिहायची.

पुढचं ऐका. १७ डिसेंबर १९०३ ला चार उड्डाणं झाली. पहिलं १२ सेकंद, १२० फूट. चौथं ५९ सेकंद, ८५२ फूट. जगाच्या दृष्टीनं विमानाचा शोध तिथं लागला. आपल्याकडचा माणूस त्याच संध्याकाळी व्हिजिटिंग कार्ड छापायला टाकेल. हे दोघं मात्र परत आले आणि गावाबाहेरच्या कुरणात आणखी दोन वर्षं पडत-झडत राहिले. ऑक्टोबर १९०५ मध्ये विमान ३९ मिनिटं हवेत राहिलं, तेव्हा कुठं त्यांना वाटलं की आता हे विकण्याजोगं आहे. अमेरिकी लष्कराशी करार झाला १९०८ मध्ये, २५,००० डॉलरचा. अटी स्पष्ट होत्या: दोन माणसं बसली पाहिजेत, ताशी ४० मैल वेग, एक तास हवेत राहिलं पाहिजे. त्याच वर्षी चाचणीत विमान कोसळलं, सोबतचा लष्करी अधिकारी गेला, ऑर्व्हिल जबर जखमी झाला. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा चाचणी. १९०९ मध्ये लष्करानं विमान स्वीकारलं आणि वेग ठरल्यापेक्षा जास्त भरला म्हणून ५,००० डॉलर वर दिले.

१२ सेकंदांच्या डेमोपासून माल ग्राहकानं स्वीकारेपर्यंत सहा वर्षं गेली. ही सहा वर्षं तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कुठं आहेत, हे मी प्रत्येक बॅचला विचारतो. बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये तीन महिने असतात.

(इथं कुणीतरी तळपदे यांचं नाव काढणारच. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं, असं सांगतात. माझं म्हणणं एवढंच: त्या प्रयोगाची मापं, आराखडे, चाचण्यांच्या नोंदी समोर ठेवता येत नाहीत. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली विमानं उडू शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलंय. अभिमानाला माझी ना नाही, पण अभिमानावरून दुसरं विमान बांधता येत नाही. मापांवरून येतं.)

नोंदी आणि चाचण्या हे बाबूगिरीचं काम वाटतं ना? १९३५ साली बोइंगनं चार इंजिनांचं मोठं बॉम्बर केलं, मॉडेल २९९. लष्कराच्या चाचणीत उड्डाण घेता घेता कोसळलं. यंत्रात बिघाड नव्हता. शेपटीकडची नियंत्रणं जमिनीवर वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लॉक करतात, ते लॉक काढायचं राहिलं होतं. चालवणारे अत्यंत अनुभवी. त्यातून निघाली ती चेकलिस्ट. आज तुम्ही कोल्हापूरहून विमानात बसता, तेव्हा समोरच्या केबिनमध्ये दोन माणसं ती यादी एकमेकांना वाचून दाखवत असतात. पंधरा-वीस वर्षं उडवणारा माणूससुद्धा. आपला पंधरा वर्षांचा फिटर म्हणतो, "साहेब, माझ्या डोक्यात आहे सगळं."

कॉमेटचं उदाहरण तर त्याहून कडू. ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचं हे पहिलं प्रवासी जेट, १९५२ पासून सेवेत. सगळ्या जगाच्या पुढं. १९५४ मध्ये तीन महिन्यांच्या आत दोन विमानं हवेतच फुटली. मग फार्नबरोला एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि आत दाब भर, सोड, भर, सोड असं पुन्हा पुन्हा केलं. सांगाडा चिरला. प्रत्येक उड्डाणाला पत्रा थोडा फुगतो, थोडा बसतो आणि छिद्र-कोपऱ्यांपाशी दमतो. हे दमणं एका डेमोत दिसत नाही, दहा डेमोंतही नाही. कॉमेट दुरुस्त होऊन परत आलं १९५८ मध्ये, पण त्याच वर्षी बोइंगचं ७०७ सेवेत उतरलं आणि बाजार तिकडं गेला. पहिला असण्याचा फायदा वगैरे जे शिकवतात, ते मी याच उदाहरणापासून शिकवायचं सोडलं.

आता आपल्या भागाकडं येऊ. सांगलीत विश्रामबागला वालचंद कॉलेजवरून रोज हजारो माणसं जातात. ते ज्यांचं नाव आहे ते वालचंद हिराचंद सोलापूरचे. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. जागेला आणि भांडवलाला म्हैसूर संस्थानानं हात दिला. पुढं युद्धामुळं सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, तो भाग वेगळाच आहे, कधीतरी त्यावर बोलू.

याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे आले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज भागातला माणूस, जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली शिकलेला. प्रांड्टल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे पितामहच. असा माणूस आल्या आल्या लढाऊ विमान काढायला बसला असेल, असं वाटतं. पण कारखान्याचं युद्धातलं मुख्य काम होतं जोडणी आणि दुरुस्ती. परदेशी विमानं सुटी करायची, ओव्हरहॉल करायची, परत जोडायची. घाटग्यांनी सुरुवातीला ग्लायडर केलं. आणि पूर्ण आपल्या आराखड्याचं पहिलं इंजिनाचं विमान उडालं ते ऑगस्ट १९५१ मध्ये, एचटी-२. दोन आसनी, शिकाऊ वैमानिकांसाठी. इंजिन बाहेरून आणलेलं. दीडशेहून जास्त बनली आणि आपल्या हवाई दलातल्या कित्येक पिढ्या त्याच्यावर उडायला शिकल्या.

माझ्या दृष्टीनं यात दोन फार हुशार गोष्टी आहेत. एक म्हणजे दहा वर्षं दुसऱ्याच्या मालाची दुरुस्ती करताना पगार निघाला आणि काय कुठं तुटतं ते कळलं. दुसरी, पहिलं उत्पादन असं निवडलं की ज्याचा ग्राहक घरातच होता आणि ज्याची गरज दरवर्षी पडणार होती. इंजिन स्वतः करायचा हट्ट धरला नाही. आपल्याकडं जॉबवर्क करणाऱ्याला जॉबवर्कची लाज वाटते. "किती दिवस दुसऱ्याचं करायचं सर?" अरे बाबा, घाटग्यांच्या कारखान्यानं दहा वर्षं केलं.

हे सगळं आज लिहायचं कारण सांगतो. आपल्याच एका विद्यार्थ्यानं बेदाणा साफ करून प्रतवारी करणारं मशीन केलं. नाव सांगत नाही. हात सोन्याचा, फॅब्रिकेशन बघत राहावं असं. मला डेमो दाखवला, मशीन झकास चाललं. मी कौतुक केलं आणि त्याच उत्साहात म्हणालो, "घे ऑर्डर." हे मी म्हणालो, त्याची जबाबदारी माझी. त्यानं अ‍ॅडव्हान्स घेऊन दोन मशीन दिली. ऐन मार्चमध्ये, तासगाव भागातल्या शेडवर ताजा माल सुरू झाला आणि दुपारी चाळण्या तुंबल्या. डेमोला वापरला होता तो कोठीतला, जुना, कोरडा बेदाणा. शेडवरचा ताजा माल तेलकट आणि चिकट. एवढाच फरक. शेतकऱ्याचा दिवस गेला, मजुरी अंगावर पडली, अ‍ॅडव्हान्स परत द्यावा लागला आणि पोराचं नाव त्या पट्ट्यात एका आठवड्यात खराब झालं. सामंजस्य करार, प्रदर्शनातलं बक्षीस, पेपरात फोटो, यातलं काहीही त्या चाळणीत अडकलेला बेदाणा काढू शकत नव्हतं.

तो माझ्याकडं आला तेव्हा चिडलेला होता. लोक समजून घेत नाहीत, नवीन माणसाला संधी देत नाहीत, वगैरे. मी त्याला त्या सहा फुटी पेटीची गोष्ट सांगितली आणि एक शंभर पानी वही दिली. खर्चाचं बजेटही परत मांडायला लावलं. आधी शंभरातले नव्वद रुपये मशीन बनवण्यावर होते, आता साठ बनवण्यावर आणि चाळीस तपासण्यावर. तपासण्याच्या चाळीसमध्ये वेगवेगळ्या शेडवरचा माल विकत घेणं, वाहतूक, मोडलेले सुटे भाग आणि दुसऱ्याच्या हाताखाली मशीन चालवून बघणं, हे सगळं आलं. बँकेच्या साहेबांना हे चाळीस रुपये समजावताना आमची दमछाक झाली, ते खरंय. शेवटी तेवढं कर्ज मिळालं नाही, म्हणून त्यानं दुपारपर्यंत पंपाच्या दुरुस्तीचं जॉबवर्क धरलंय आणि मशीनचं काम संध्याकाळी करतो.

येत्या फेब्रुवारीत तो एकच मशीन घेऊन तीन शेडवर जाणार आहे. पैसे घेणार नाही, फक्त जागा, वीज आणि माल मागितलाय. वहीत रकाने आखून तयार आहेत: तारीख, वेळ, माल किती दिवसांचा, चाळणी कितव्या मिनिटाला तुंबली, मशीन कोण चालवत होतं. परवा मला दाखवायला आणली होती. पहिल्या पानावर गेल्या मार्चमधल्या त्या दुपारची नोंद त्यानं स्वतःहून भरलीय.